आब्दियासचा नकाशा आणि उलटा चिरूट

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते माझ्या खोगिरांच्या खोलीत भिंतीला नाक लावून उभे होते.

बाहेर पारामोच्या उंच, थंड माळावरून उतरणारा बारीक पाऊस लागला होता. आडवा पडतो तो, छत्रीला जुमानत नाही, थेट कानात शिरतो. अशा पावसात आमच्या सान रोके गावात माणूस सापडला तर चुलीपाशी नाहीतर देवळात. हा दोन्हीकडे नव्हता. भिजून काळा झालेला कोट, पांढरी मिशी, टोपी छातीशी धरलेली... आणि डोळे मिटून भिंत हुंगतोय. माझ्या हातात मक्याचे अरेपा भाजायचं उलथनं होतं. तेच उगारलं.

"चोर असाल तर खोगिरं इकडे आहेत," मी म्हटलं. "ती भिंत आहे. ती उचलून नेता येत नाही."

त्यांनी डोळे उघडले. दचकले नाहीत, तिथेच मला पहिला राग आला. माझ्या आवाजाला घोडी दचकतात.

"अक्रोडाची साल," ते म्हणाले. "आणि थोडी काजळी. ही शाई कोणी केली, बाई?"

"माझ्या भावानं. तुम्ही पोलीस आहात की डॉक्टर?"

"छापखानावाला. तुन्हाहून आलोय. बस चुकली, पाऊस लागला, दार उघडं दिसलं." मग पुन्हा भिंतीकडे वळून, जणू मी तिथे नाहीच, हळूच बोलले, "काय हात होता हो या माणसाचा..."

उलथनं खाली केलं मी. माझ्या भावाबद्दल चांगलं बोलणाऱ्याला मी उपाशी पाठवत नाही.

माझा भाऊ आब्दियास खेचरं हाकायचा. चीज, बटाटे, लोकर घेऊन खिंड ओलांडायची, पलीकडे मैदानात उतरायचं, मीठ घेऊन परतायचं. शाळेत तो गेला नाही. मी थोडी गेले, छापलेलं वाचता येण्यापुरती आणि झोकात सही करता येण्यापुरती. पण आब्दियासला दगड पाठ होते. सिमेंटच्या गोणीचा कागद फाडून सरळ करायचा, त्यावर वाट काढायची आणि खळ लावून या भिंतीवर चिकटवायची, म्हणजे मागून येणाऱ्या पोरांना समजावं. कुठला दगड म्हातारीच्या नाकासारखा, कुठलं पाणी गोड आणि कुठलं पोट बिघडवणारं, वारा कुठल्या फटीतून येऊन टोपी नेतो, सगळं. फ्रायलेहोनची ती लोकरी पानांची, माणसाएवढी झाडंसुद्धा त्यानं एकेक ओळखीची काढली होती. एकाला तर पोक आहे.

मग गाडीरस्ता झाला. खेचरं संपली, वाटा गवतात गेल्या. आब्दियासही गेला. आता बोगोताहून पाठीवर पिशव्या नि अंगात भडक जाकिटं घालून मुलंमुली येतात, हातात फोन. धुकं आलं की फोन गारठून मरतो, आणि मग ती मुलं म्हशीसारखी जिथल्या तिथे उभी राहतात. मागच्या हंगामात दोघांना आमच्या वाटाड्यांनी दलदलीच्या काठावरून उचलून आणलं, ओठ निळे पडलेले.

हे सगळं मी या छापखानावाल्या बाउदिलियो मास्तरांना त्या संध्याकाळी गुळाच्या गरम पाण्याचा पेला देताना सांगितलं. आमच्याकडे हातकाम जाणणाऱ्याला मास्तरच म्हणतात, आणि त्यांची बोटं तर सांगत होती... नखांच्या कडेला अशी काळी रेघ, धुऊन न जाणारी. त्यांनी चीजचा तुकडा पेल्यात टाकला, वितळेपर्यंत थांबले, मग चमच्यानं ताणून काढला. शहरातला माणूस, पण घाई नाही केली. हे मी पाहून ठेवलं.

"आयुष्यभर मयताच्या पाट्या छापल्या मी," ते म्हणाले. "तुन्हात कोणी मेलं की भिंतीवर माझाच कागद. आता जाता जाता जिवंत माणसांच्या कामाचं काहीतरी छापावं म्हणतोय."

"जाता जाता म्हणजे? कुठे निघालात?"

"तसं काही ठरलेलं नाही," ते म्हणाले आणि माझ्याकडे पाहिलं. नुसतंच पाहिलं. मी उठून चुलीत लाकूड सारलं. लाकडाची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी बस होती. ती त्यांनी जाऊ दिली. म्हणाले, भिंतीवरचे कागद उतरवायला वेळ लागेल, खळ जुनी आहे. त्यानंतरच्या बसच्या दिवशी म्हणाले, कागद ओले आहेत. त्याच्या पुढच्या वेळी काहीच म्हणाले नाहीत, मीही विचारलं नाही. माझ्या खानावळीच्या गॅलरीतली त्या टोकाची खोली त्यांना दिली होती. माझी या टोकाला. सकाळी उठून पाहावं तर हे अंगणातल्या टेबलावर वाकलेले, तिरक्या उन्हात आब्दियासची रेघ पातळ कागदावर उतरवून घेतायत, श्वास धरून. मी बटाटे सोलायला तिथेच बसायची. उजेड चांगला असतो म्हणून.

"तुमच्या भावानं घर कुठेच काढलेलं नाही," एकदा म्हणाले.

"घर त्याला माहीत होतं. जे माहीत आहे ते कशाला काढायचं?"

"आणि हे काय, वाटेच्या कडेला? मला आधी लाकडाचे ओंडके वाटले."

मी हसले. फार दिवसांनी कोणी मला हसवलं. ते चिरूट होते. आमचे खेचरवाले अंतर चिरुटात मोजायचे. दगडी क्रूसापासून झऱ्यापर्यंत एक चिरूट, झऱ्यापासून खिंडीपर्यंत तीन. धुक्यात दगड दिसत नाहीत, घड्याळ कोणाकडे असणार? चिरूट मात्र तोंडातच असतो. मास्तर ऐकत राहिले आणि हातातली पेन्सिल ठेवून दिली. असं काही ऐकलं की ते कामच थांबवायचे. लहान मुलासारखं तोंड व्हायचं. साठी उलटलेल्या माणसाचं तसं तोंड पाहिलं की... जाऊ दे. तुम्हाला सगळं सांगायलाच हवं असं नाही.

वाटाड्यांचा म्होरक्या फिदेलिनो, माझ्याच मांडीवर खेळलेला. त्याला नकाशा आवडला. छापून प्रत्येक मुलाच्या हातात द्यायचा, फोन मेला तरी कागद मरत नाही. पण आधी नकाशा हातात घेऊन चालून पाहू, म्हणाला, आणि ते बरोबरच होतं. तर एका धुक्याच्या सकाळी फिदेलिनो आणि मास्तर खिशात चिरूट भरून निघाले. नेमकं धुकंच त्यांना हवं होतं. माळावर पोचल्यावर दगडी क्रूसापासून दोन चिरूट सरळ कड्याकड्यानं, मग डावीकडे वळायचं की मेंढक्यांची जुनी झोपडी. सगळ्या नकाशात हीच जागा जिवाची. वळण चुकलं की दलदल.

दुपारी दोघे परतले ते कमरेपर्यंत चिखलात माखून. मास्तरांचा एक बूट दलदलीनंच ठेवून घेतला होता.

फिदेलिनो अंगणात उभा राहून मोठ्यानं बोलला, शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकू जाईल असं. दोन चिरूट ओढून झाले, डावीकडे वळलो, आणि झोपडी कुठली, थेट चिखलात. आब्दियासकाका भला माणूस होता, पण स्वप्नं बघायचा नि तीच काढायचा. रविवारी प्रार्थना झाली की वाटाड्यांची बैठक घेतो, शहरातून तयार नकाशा मागवू. असल्या कागदावर कोणाचं पोरगं मेलं तर उत्तर कोण देणार?

माझी थोरली नोएमी शाळेत शिकवते. ती म्हणाली, आई, जाऊ दे ना. मामाची चित्रं आहेत, फ्रेम करून भिंतीवर लावू.

फ्रेम करून. माझ्या भावाला. ज्याच्या मागून चाललेलं एकही खेचर कधी पाय घसरून पडलं नाही, त्याला फ्रेममध्ये.

मास्तर मात्र बसले होते, एक पाय बुटात, एक पाय माझ्या टॉवेलात. खिशातून त्यांनी ओढून उरलेली थोटकं काढून टेबलावर मांडली.

"दगड सगळे खरे आहेत," ते म्हणाले. "म्हातारीचं नाक आहे. पोक आलेलं झाड आहे. जो माणूस झाडाचं पोक चुकत नाही, तो अंतर चुकेल? चूक आमच्याकडे आहे, बाई. तुमचा भाऊ कुठला चिरूट ओढायचा?"

मी थोटकाकडे पाहिलं. एका अंगानं तिरकं जळत गेलेलं, दुसऱ्या अंगाला पान तसंच हिरवट. वाऱ्यानं खाल्लेला चिरूट. त्या कड्यावर मैदानाकडून वारा येतो, तो भात्यासारखा फुंकतो. चिरूट ओढावा लागत नाही, वाराच ओढतो.

आणि तिथेच मला कळलं. मी स्वयंपाकघरात गेले आणि कारण नसताना सगळ्यांना ओरडले.

आब्दियास चिरूट ओढतच नव्हता. त्याची छाती लहानपणापासून कमजोर, धूर त्याला सोसायचा नाही. चिरूट न ओढणारा खेचरवाला आमच्याकडे कोणी पाहिलाय? म्हणून कोणाच्या मनातसुद्धा आलं नाही. मापाचे चिरूट माझे होते. लग्नाआधी सगळ्या खेपा मी त्याच्याबरोबर केल्या. पुढच्या खेचराची दोरी माझ्या हातात, चिरूट माझ्या तोंडात, आणि तो मागून विचारायचा, "एर्सी, संपला का?" मी संपला म्हटलं की तो दोरीला एक गाठ मारायचा. घरी आल्यावर गाठी मोजून कागदावर चिरूट काढायचा.

आणि मी चिरूट कसा ओढायची? जसा तेव्हा नदीवर धुणं धुणाऱ्या बाया, ओझी वाहणाऱ्या बाया ओढायच्या तसा. उलटा. विस्तव तोंडाच्या आत. वारा असो पाऊस असो, विझत नाही, भडकत नाही, सावकाश जळतो, हात मोकळे राहतात. जीभ शिकून घेते कुठे राहायचं ते.

मग माझं लग्न झालं दुकानदाराच्या घरात. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, खेचरांमागच्या बाया असलं करतात, या घरातल्या नाही. मी सोडलं. पांढरे टेबलक्लॉथ अंथरले, खानावळ उभी केली, नवरा गेल्यावर एकटीनं चालवली, चार मुलं शिकवली. आज गावात मला कोणी अरेतुरे करत नाही. माझ्या मुलांना माहीतसुद्धा नव्हतं की त्यांची आई कधीकाळी तोंडात विस्तव घेऊन डोंगर चढायची.

आता एकतर आब्दियास खोटा ठरणार होता, नाहीतर मी सगळ्या गावासमोर खेचरामागची बाई ठरणार होते.

शनिवारी मास्तर आले चुलीपाशी. सामान बांधलं होतं त्यांनी. उद्याच्या बसनं जातो म्हणाले. वाटाड्यांनी नाही म्हटल्यावर इथे राहायला कारण उरलं नाही.

"कारण लागतं का तुम्हाला?" मी विचारलं. तोंडातून निघून गेलं.

ते थांबले. "मला लागत नाही," म्हणाले. "पण दुसऱ्याच्या घरात राहणाऱ्या माणसाला एखादं तरी दाखवावं लागतं..."

मी बटाटा इतका सोलला की बोराएवढा उरला. त्यांनी तो माझ्या हातातून हळूच काढून घेतला, पाण्यात टाकला. बोटाला बोट लागलं. शाईचं, खरखरीत, ऊबदार बोट.

"बाई, तुम्हाला काहीतरी माहीत आहे," ते म्हणाले. "विचारणार नाही मी. फक्त एवढंच सांगतो, त्या माणसाचा हात मी तुमच्याहून जास्त बारकाईनं बघत बसलो असेन. तो खोटं बोलणारा हात नाही. अख्खं सान रोके नाही म्हणालं तरी मला ते पटणार नाही."

मी पुढचा बटाटा सोलायला घेतला.

रविवारी प्रार्थना संपून लोक चौकात आले. फिदेलिनोनं वाटाडे गोळा केले होते. पलीकडे तुन्हाची बस घुरघुरत उभी होती आणि मास्तर तिच्या पायरीपाशी, काखेत कागदांची गुंडाळी. तेव्हा मी आले. चांगली शाल घरी ठेवून आले होते. अंगावर घोंगडीसारखा जुना रुआना, पायात रबरी बूट, डोक्यावर आब्दियासची टोपी. नोएमीनं मला पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला, आपली आई वेडी झाली की काय असा.

खिशातून चिरूट काढला. पेटवला. दोन झुरके घेऊन विस्तव नीट धरला का पाहिलं. मग उलटा केला आणि पेटतं टोक तोंडात घालून ओठ मिटले.

बसचं इंजिन तेवढं ऐकू येत होतं. एका म्हातारीनं छातीवर क्रूस काढला, आणि दुसरी, देवळाच्या पायरीवर बसणारी, माझ्याहून थोरली, हसायला लागली. ती नदीवर धुणं धुवायची. तिला माहीत होतं.

"फिदेलिनो," मी म्हटलं. चिरूट तोंडात ठेवून बोलायचं विसरले नव्हते मी. "आब्दियासनं आयुष्यात एक झुरका घेतला नाही. ही मापं माझी आहेत. चल वर. मोजायचं ना?"

नोएमी पुढे आली. मला वाटलं ओरडेल. तिनं माझी टोपी सरळ केली आणि रुआनाची कड खांद्यावर टाकली. मास्तरीण आहे, कुठे बोलायचं नाही ते तिला कळतं.

मास्तर बसपासून आमच्याकडे चालत आले. त्यांची पिशवी बसच्या टपावर होती. बस ती घेऊन निघून गेली, आणि त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

वर दगडी क्रूसापाशी पोचलो तेव्हा माझे गुडघे मला शिव्या देत होते, मी त्यांना देत होते. धुकं असं की पुढच्याची पाठ दिसेना. नवा चिरूट पेटवला, उलटा केला, चालू लागले. मास्तर माझ्या मागे, त्यांच्या मागे फिदेलिनो नि दोन वाटाडे, तेही आपापले चिरूट ओढत, जसे लोक ओढतात तसे. कड्यावर वाऱ्यानं गाठलं. त्यांच्या चिरुटांच्या ठिणग्या उडून जातायत हे मला कळत होतं, मागे एकेकाचं खोकणं, शिव्या, पुन्हा काडी ओढणं. माझ्या तोंडात मात्र चुलीसारखी शांत ऊब. इतक्या वर्षांनी, आणि जिभेला सगळं आठवत होतं. पायांनाही.

फिदेलिनोचे दोन चिरूट कधीच संपले होते. त्यानं डावीकडे हात दाखवून सांगितलं, परवा इथूनच वळलो. मी चालत राहिले. माझा पहिला संपला, दुसरा पेटवला. फ्रायलेहोनची लोकरी पानं हाताला लागत होती, ओली, कुत्र्याच्या कानासारखी मऊ. वारा, धुकं, आणि मागून मास्तरांच्या श्वासाचा आवाज, माझ्या पावलाला पाऊल लावून येणारा.

मग मागून त्यांनी अगदी हळू विचारलं, "संपला का?"

हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. आब्दियास असंच विचारायचा हे त्यांना माहीत असायचं कारण नाही. पुढचं धुकं आणखी धूसर झालं.

"संपला," मी म्हटलं. आणि डावीकडे वळले.

थोडंच चालले असेन. हात पुढे केला तर बोटांना दगड लागला, रचलेला, शेवाळलेला. झोपडीची भिंत.

फिदेलिनो मागून आला, त्यानंही भिंतीला हात लावून पाहिला. मग टोपी काढली आणि धुक्याकडे बघून म्हणाला, "आब्दियासकाका, माफ करा." माझी माफी त्यानं वेगळी मागितली, पण ती मी इथे सांगत नाही. ती त्याची आहे.

वाटाडे झोपडीत आग पेटवायच्या खटपटीला लागले. मास्तर माझ्याशेजारी उंबऱ्यावर बसले. मला म्हणाले, मला शिकवा. मी म्हटलं, हे शहरातल्या जिभेचं काम नाही. त्यांनी ऐकलं नाही. चिरूट पेटवला, उलटा केला, माझ्याकडे बघत बघत तोंडात घातला. माझ्याकडे बघायला नको होतं. जीभ भाजली, एकदम डोळ्यांत पाणी.

"जीभ दाखवा," मी म्हटलं.

"नको."

"मास्तर, चार पोरं वाढवलीत मी. दाखवा जीभ."

त्यांनी दाखवली. टोकाला लाल ठिपका. मी पिशवीतून ताज्या चीजचा तुकडा काढला आणि त्यांच्या जिभेवर ठेवला. गप्प राहा, विरघळू द्या, असं बजावलं. ते गप्प राहिले. धुक्यातून नजर मात्र माझ्यावरून हटेना... माझ्या टोपीवरून कपाळावर, कपाळावरून तोंडाकडे. लोक माझ्या पाठीमागे म्हणतात, या बाईच्या तोंडात निखारा आहे. हा पहिला माणूस, ज्यानं तो निखारा पाहिला आणि मागे सरकला नाही.

"काय बघताय?" मी विचारलं.

त्यांनी चीज गिळलं. "नकाशा," म्हणाले.

मी त्यांच्या खांद्यावर एक चापट मारली. हात मात्र परत घ्यायला जरा उशीर केला.

पुढच्या बसनं ते तुन्हाला गेले, सगळे कागद घेऊन. छापायला दिवस लागतील म्हणाले. मी वाट पाहत नव्हते. बस यायच्या वेळेला अंगण झाडायची माझी जुनी सवय आहे, त्याच महिन्यापासूनची. नोएमी म्हणायची, आई, फरशी झिजेल. मी म्हणायची, माझी फरशी आहे. दुपारी फिदेलिनो यायचा, घड्याळ लावून वाट पुन्हा चालून आलेला, प्रत्येक चिरुटाला किती वेळ ते सांगायला; तेच तो मास्तरांना फोनवर कळवायचा. पोरांना घड्याळातलंही कळायला हवं. चांगलं काम करत होता. मी त्याला जास्तीचं सूप वाढायची आणि तुन्हाची काही खबर आहे का ते विचारायची नाही.

एक दिवस बस आली आणि त्यातून ते उतरले नाहीत. मी झाडू कोपऱ्यात ठेवला आणि आत गेले. ठरवलं, पुरे झालं. या वयात अंगण एवढं स्वच्छ बरं दिसत नाही.

तेवढ्यात बाहेर ट्रक थांबला. बटाट्याचा रिकामा ट्रक, त्यात दोरांनी बांधलेलं काळं लोखंडी धूड, आणि त्या धुडाला मिठी मारून बसलेले मास्तर, धुळीनं पांढरे.

"छपाईचं यंत्र," खाली उतरत ते म्हणाले. "खोगिरांच्या खोलीत मावेल, मी मोजून घेतलं होतं. पहिल्याच दिवशी."

"पहिल्या दिवशी तुम्ही भिंत हुंगत होता."

"दोन्ही करत होतो."

त्यांनी गुंडाळी उलगडली, अंगणातल्या टेबलावर पसरली, चारी कोपऱ्यांवर माझे बटाटे ठेवले. आब्दियासची रेघ. म्हातारीचं नाक, पोक आलेलं झाड, टोपी नेणारा वारा. वाटेच्या कडेला चिरूट, आता प्रत्येकाचं पेटतं टोक मिटलेल्या ओठांत, आणि खाली फिदेलिनोनं मोजलेली वेळ. खालच्या कोपऱ्यात दोन ओळी होत्या. मला छापलेलं वाचता येतं. सावकाश वाचलं.

आब्दियासनं काढला.
एर्सिलियानं मोजला.

मी बोट फिरवलं त्यावर. शाई कागदात थोडी रुतलेली असते, बोटाला लागते.

"तुमच्या छापखान्यात माझं नाव यायचं ते मयताच्या पाटीवर, असं वाटलं होतं," मी म्हटलं.

"ती पाटी दुसऱ्या कोणाकडून छापून घ्या," ते म्हणाले. "मला जमणार नाही." मग थांबले. यंत्राकडे पाहिलं, गॅलरीकडे पाहिलं, हातातली टोपी फिरवली. एवढा मोठा माणूस आणि कान लाल. "एर्सिलिया... एक अंतर मोजायचं राहिलंय."

बाई नाही म्हणाले. नुसतं एर्सिलिया. आब्दियास गेल्यापासून माझ्या नावाला कोणी असं मोकळं सोडलं नव्हतं.

"कुठलं?" मी विचारलं. माहीत होतं तरी.

"गॅलरीच्या त्या टोकापासून," ते म्हणाले, "या टोकापर्यंत. किती चिरूट?"

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज एकदम बंद झाला. नोएमी. कान देऊन उभी असणार, माझीच मुलगी.

मी कागदावरचे बटाटे एकेक करून उचलले, टोपलीत टाकले. नकाशा गुंडाळला आणि त्यांच्या हातात दिला.

"तेवढ्यासाठी कोणी पेटवत नाही, मास्तर," मी म्हटलं. "नुसते चालत या."